तळघरातलं 'बॉस्टन' : १९७६चा एक अल्बम आणि रात्री जागणारा इंजिनियर

रात्रपाळी

गेल्या महिन्यात मामाचं नाशिकचं घर आवरत होतो. माळ्यावर तबकड्यांचा खोका निघाला. वर नाट्यगीतं, अभंग, दोन-तीन सनईच्या. अगदी तळाशी एक परकी तबकडी होती. कव्हरवर गिटारच्या आकाराची अवकाशयानं आणि त्यांच्या मागे फुटणारी पृथ्वी. वर एकच शब्द, 'बॉस्टन', अमेरिकी रॉक बँडचं आणि त्याच्या अल्बमचंही नाव. मामा दोन वर्षं अमेरिकेत होता, १९७९ला परत आला तेव्हा त्याने ती आणली असणार. मामा आता नाही, त्यामुळे त्याला काही विचारता येत नाही.

माझ्याकडे रेकॉर्ड प्लेअर नाही. मोबाईलवर शोधून ऐकला आणि तेव्हापासून कंपनीच्या बसमध्ये रोज ऐकते आहे. आठ गाणी, जेमतेम अडतीस मिनिटं. चाकणहून निघाले की घर येईपर्यंत एकदा पूर्ण होतो आणि ट्रॅफिक लागलं तर दीड वेळा.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. हा अल्बम ज्याने केला तो टॉम शोल्झ माझ्यासारखाच मेकॅनिकल इंजिनियर. अमेरिकेतल्या एमआयटीतून १९७०मध्ये मास्टर्स केलं आणि पोलरॉईडमध्ये नोकरीला लागला, झटपट फोटोवाल्या कॅमेऱ्याच्या कंपनीत. दिवसभर तिथे डिझाईन विभागात काम करायचं, घरी येऊन जेवायचं आणि तळघरात उतरायचं. बॉस्टनला लागून वॉटरटाऊन नावाचं गाव आहे, तिथल्या घराच्या तळघरात, घर तापवायच्या भट्टीशेजारच्या चिंचोळ्या जागेत त्याने पगाराच्या पैशांतून स्टुडिओ उभा केला होता. भिंतींना पाईनच्या फळ्या, मधूनमधून पाणी शिरायचं. तिथे त्याचं बारा ट्रॅकचं टेप मशीन होतं.

बारा ट्रॅक म्हणजे काय हे मला आधी नीट माहीत नव्हतं. एकाच रुंद फितीवर बारा समांतर पट्ट्या. पहिल्या पट्टीवर ड्रम भरायचे. मग ते कानात ऐकत दुसरीवर बास, तिसरीवर गिटार, चौथीवर आणखी एक गिटार, मग ऑर्गन. एकटा माणूस अशा रीतीने एकेक करून अख्खा बँड होऊ शकतो, फक्त रात्री पुष्कळ लागतात. शोल्झने बास, ऑर्गन आणि बहुतेक गिटार स्वतः वाजवली. गायला ब्रॅड डेल्प. तो दिवसा कॉफीच्या यंत्रांच्या तापणाऱ्या कॉइली बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. ड्रमवर जिम मास्डिया. 'मोअर दॅन अ फीलिंग' या एका गाण्यावर पाच वर्षं काम चाललं होतं असं म्हणतात. आमच्याकडे एखादं प्रॉडक्ट पाच वर्षं डिझाईनमध्ये राहिलं तर ते बंद करतात.

या टेपा कंपन्यांकडे जायच्या आणि नकार घेऊन परत यायच्या. शेवटी १९७५मध्ये एपिक रेकॉर्ड्सने करार केला, पण अट घातली की हे सगळं लॉस एंजेलिसच्या व्यावसायिक स्टुडिओत, निर्मात्याच्या देखरेखीखाली नव्याने रेकॉर्ड करायचं. निर्माता म्हणून जॉन बॉयलन ठरला. शोल्झला ते नको होतं. जो आवाज त्याने तळघरात घडवला तो तिथेच निघतो अशी त्याची खात्री होती.

मग त्यांनी काय केलं बघा. बॉयलन बाकीच्या बँडला घेऊन लॉस एंजेलिसला गेला आणि तिथे एक गाणं रेकॉर्ड करत बसला, 'लेट मी टेक यू होम टुनाईट'. कंपनीला वाटलं अल्बमचं काम सुरू आहे. प्रत्यक्षात शोल्झ वॉटरटाऊनमध्ये त्याच तळघरात उरलेली गाणी पुन्हा पहिल्यापासून वाजवून भरत होता. त्याचं झालं तसं ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सहून रेकॉर्डिंगचा ट्रक मागवला. ट्रक दारात लावून तळघराच्या खिडकीतून जाडजूड केबल आत सोडली आणि सगळे ट्रॅक चोवीस ट्रॅकच्या मोठ्या टेपवर उतरवून घेतले. डेल्पचा आवाज नंतर लॉस एंजेलिसमध्ये भरला.

२५ ऑगस्ट १९७६ला अल्बम आला. बिलबोर्ड या अमेरिकी लोकप्रियतेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, 'मोअर दॅन अ फीलिंग' पाचव्या क्रमांकापर्यंत. एकट्या अमेरिकेत आजवर एक कोटी सत्तर लाख प्रतींचं प्रमाणपत्र आहे. पहिलाच अल्बम!

मला त्या खिडकीतल्या केबलचं चित्र डोळ्यांसमोरून जात नाही. ऐकलेल्यांनी लिहा. जाणकारांनी तंत्राबद्दल लिहा. आणि एक प्रश्न मनापासून विचारते: एका माणसाने तळघरात वाजवलेल्या या अल्बमला बँडचा अल्बम म्हणायचं का?

---

चार्ल्सकाठी

वा! मी वॉटरटाऊनच्या शेजारच्या गावात अकरा वर्षं राहतोय आणि हे तळघर आपल्या इतक्या जवळ होतं हे तुमच्या धाग्यामुळे कळलं.

इथली तळघरं पाहिलेली नसतील तर थोडं सांगतो, म्हणजे ती खिडकी नीट दिसेल. या भागातली जुनी घरं लाकडी, दोन-तीन मजली. खाली दगडी किंवा काँक्रीटचं तळघर. त्यात बॉयलर नाहीतर भट्टी, गरम पाण्याची टाकी, कपडे धुण्याचं मशीन. छत इतकं खाली की उंच माणसाचं डोकं पाईपला आपटतं आणि शोल्झ तर चांगला साडेसहा फुटांच्या आसपास. खिडक्या वितभर उंचीच्या, अगदी छताला लागून. बाहेरून बघितलं तर त्या जमिनीला टेकलेल्या दिसतात. रस्त्यावरून केबल टाकायला त्यापेक्षा सोयीची वाट नाही. मार्चमध्ये बर्फ वितळला की पाणी शिरतं, आमच्याकडेही शिरतं. त्या पाण्याशेजारी टेप मशीन ठेवून कोणी वर्षानुवर्षं काम करत असेल तर मला त्याच्या चिकाटीइतकीच त्याच्या काळजीची कमाल वाटते.

आणखी एक. वॉटरटाऊन हे आर्मेनियन लोकांचं गाव. माउंट ऑबर्न स्ट्रीटवर त्यांच्या बेकऱ्या आहेत, तिथला लहमाजून आम्ही रविवारी आणतो. पातळ पोळीवर खिम्याचा थर, वर लिंबू पिळायचं. अल्बमवर ज्याचे ड्रम जास्त आहेत तो सिब हॅशियन आर्मेनियन वंशाचाच.

---

कानसेन७७

धागा छान आहे, पण मी उलट बाजूने लिहितो, राग मानू नका.

मी हा अल्बम पवईच्या होस्टेलवर ऐकला, कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेला. तेव्हाही माझं मत होतं आणि आजही आहे की तो फार घासूनपुसून गुळगुळीत केलाय. गिटारवर गिटार, आवाजावर आवाज, सगळं मोजूनमापून. कुठे श्वास ऐकू येत नाही, कुठे बोट चुकत नाही. मला रॉकमध्ये पाच माणसं एका खोलीत घामाघूम झालेली ऐकायची असतात. एकाने वर वेग घेतला, दुसरा त्याच्या मागे धावला, हे ऐकायचं असतं. इथे मागे धावायला कोणी नाहीच, सगळे तोच.

त्याच १९७६च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या रामोन्सचा पहिला अल्बम आला. साधारण आठवडाभरात, ६,४०० डॉलरमध्ये झालेला. तोही स्वस्तात झाला, तोही नव्या पोरांचा. पण त्यात खोली ऐकू येते. खपाच्या बाबतीत तो बॉस्टनच्या पासंगालाही पुरला नाही, तरी पुढच्या वीस वर्षांत गॅरेजमध्ये गिटार घेणाऱ्या पोरांनी कोणाचं ऐकून गिटार घेतली, ते बघा.

तळघराची गोष्ट मला आवडते. अल्बम आवडत नाही.

---

रात्रपाळी

कानसेन, राग कशाला. पण मला 'मोअर दॅन अ फीलिंग'मध्ये माणूस ऐकू येतो. डेल्पचा आवाज वर वर चढत जातो, आता फाटेल असं वाटतं, आणि तो सूर संपायच्या आत तिथूनच गिटार उचलते. आवाज कुठे संपला आणि गिटार कुठे सुरू झाली हे मी बसमध्ये किती वेळा मागे नेऊन ऐकलं असेल! ती जागा मोजूनमापून केली असेलही. पण ज्याला त्या गायकाचा आवाज मनापासून आवडतो त्यालाच असं मोजता येईल.

---

निवांत

+१ त्या जागेला. मी गाडी बाजूला घेऊन ऐकली आहे.

---

स्पूलवाला

मी आकाशवाणीत तीस वर्षं टेपांवर काम केलं. हा बँड ऐकलेला नाही, पण तंत्राबद्दल विचारलंय म्हणून लिहितो.

ताईंनी बारा ट्रॅकचं बरोबर समजावलंय. त्यातली अवघड गोष्ट अशी की नवीन पट्टी भरताना जुन्या पट्ट्या ऐकत वाजवायचं असतं. हात जरा मागेपुढे झाला तर पुन्हा पहिल्यापासून. आणि पट्ट्या संपल्या की चार-पाच पट्ट्या एकत्र करून एकीवर उतरवायच्या, म्हणजे बाकीच्या मोकळ्या होतात. त्यात एकदा ठरवलेला समतोल कायमचा. ऑर्गन थोडा कमी हवा होता हे महिन्याने लक्षात आलं तर काही करता येत नाही. शिवाय दर उतरवणीला फितीची खरखर वाढते. एवढ्या थरांचा अल्बम घरच्या मशीनवर स्वच्छ निघाला असेल तर त्या माणसाचा कान आणि मशीनची निगा दोन्ही उत्तम होतं. आम्ही रोज सकाळी स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसायचो. फितीचा तपकिरी गाळ बोळ्यावर यायचा. तो राहिला की आवाजाची वरची धार जाते.

या निमित्ताने शोल्झबद्दल शोधून वाचलं आणि एक गोष्ट वाचून मी खुर्चीवरून उठलो. 'हिच अ राईड' नावाच्या गाण्यात ऑर्गनचा एक तुकडा आहे. त्यातला एक सूर त्याला वाकवायचा होता. ऑर्गनवर सूर वाकत नाही, पट्टी दाबली की जो सूर आहे तोच येणार. म्हणून त्याने फिरत्या स्पूलला बोट लावलं आणि फितीचा वेग कमी केला.

ज्यांनी स्पूल हाताळलेलं नाही त्यांना यात काय विशेष ते कळणार नाही. रीळ फिरत असतं, कडेला धातूची चकती. बोटाची बाजू अगदी हलकी टेकवायची. जास्त दाबलं तर फीत ताणली जाते, नाहीतर तिचा लूप सुटतो आणि सगळंच बिघडतं. कमी दाबलं तर काहीच होत नाही. वाजवताना बोट लावलं तर सूर खाली उतरतो. भरताना लावलं तर नंतर नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर तो वर चढतो. किती दाब म्हणजे किती श्रुती, हे कुठल्या पुस्तकात नाही. ते बोटालाच कळतं. आम्ही हे चुकून करायचो आणि साहेबांची बोलणी खायचो. या माणसाने ते मुद्दाम केलं आणि गाण्यात ठेवलं.

आता आपल्याकडचं. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, म्हणूनच १९४० साली आकाशवाणीने पेटीला बाहेर काढलं आणि पुढची तीस वर्षं ती बंदी राहिली. गाणाऱ्यांनी सारंगीवर गायचं, कारण सारंगी सुरामागून सूर ओढत नेते. पट्टीच्या वाद्यातून मींड काढायची तळमळ आपल्या लोकांना किती होती ते आम्ही जवळून पाहिलं. नाटकांच्या पायपेटीवर वाजवणारे हाताच्या चपळाईने दोन सुरांमधली फट बुजवायचे. या इंजिनियरने मशीनलाच हात घातला.

---

तीनताल_ते_फोरफोर

स्पूलवाला काका, काय लिहिलंत! कृपया गाणं ऐका आणि परत लिहा.

---

ठेका

मी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड आणि ढोलकी वाजवायचो, बावीस वर्षं. मला यात ड्रमरचं काय झालं ते सांगायचंय, कारण वर कोणी ते उघडून लिहिलेलं नाही.

जिम मास्डिया शोल्झबरोबर अगदी सुरुवातीपासून होता. त्या सगळ्या रात्री जागला. ज्या टेपा ऐकून करार झाला त्यांवर ड्रम त्याचेच. करार होताना सांगण्यात आलं की ड्रमर बदला. त्याच्या जागी सिब हॅशियन आला आणि त्याला काम काय दिलं? मास्डियाने जे वाजवलं होतं तेच, जसंच्या तसं, पुन्हा वाजवायचं. अल्बमवर मास्डिया एकाच गाण्यात उरला, 'रॉक अँड रोल बँड'.

ऑर्केस्ट्रात आमचं कामच ते. रेकॉर्डवर ज्याने ढोलकी वाजवली त्याची प्रत्येक थाप तशीच काढायची, कुठे चाट आहे, कुठे घुमारा आहे, सगळं. लोक टाळ्या देतात ते बरोब्बर तशीच आली म्हणून. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. दुसऱ्याचा हात आपल्या हातात उतरवणं ही मोठी विद्या आहे, हॅशियनला ती होती. पण ज्याची मूळ थाप आहे तो बाहेर बसून रेडिओवर आपलीच थाप दुसऱ्याच्या हातून ऐकतोय, हे मी अनुभवलंय. एका कार्यक्रमासाठी मी दोन महिने बसून ठेके बसवले आणि ऐनवेळी मला काढून दुसऱ्याला घेतलं. नाव घेत नाही. मी प्रेक्षकांत बसलो होतो. तिसऱ्या गाण्यात माझी तिहाई आली. तो चांगला वाजवत होता. मी मांडीवर बोटं वाजवत होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

म्हणून 'एका माणसाचा अल्बम' असं कोणी म्हटलं की मला ते सहन होत नाही. एका माणसाने वाजवला असेल. पण ठेका मास्डियाचा आहे.

---

रात्रपाळी

ठेकादादा, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहिताच आलं नाही. प्रश्न मीच विचारला होता, पण मास्डियाकडे माझं लक्षच नव्हतं.

तुम्हाला एक सांगते, कदाचित बरं वाटेल. तिसरा अल्बम 'थर्ड स्टेज' १९८६ला आला तेव्हा मास्डिया परत आला. त्या अल्बमवर त्याचे ड्रम आहेत आणि नंतरच्या दौऱ्यावरही तो गेला.

---

ठेका

हे माहीत नव्हतं. धन्यवाद ताई.

---

कुंचला

कव्हरबद्दल कोणीतरी लिहायलाच हवं. ते पॉला शेर यांच्या डिझाईनमधून आलं आणि चित्र रॉजर ह्युसनचं. गिटार उलटी धरून तिचं यान केलंय, पोटावर घुमटाखाली शहर आणि खालून ज्वाळा. पृथ्वी फुटतेय म्हणून शहरं उडून चालली आहेत. शेर पुढे अमेरिकेतल्या फार मोठ्या ग्राफिक डिझायनर झाल्या, अक्षरांच्या कामासाठी जग त्यांना ओळखतं, आणि त्यांना स्वतःला हे कव्हर फारसं आवडत नाही. मला आवडतं. मी आर्ट स्कूलला असताना काळा घोड्याच्या रिदम हाऊसमध्ये ते पहिल्यांदा हातात घेतलं. विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून ज्वाळांचे रंग डोक्यात भरून घेतले आणि होस्टेलला येऊन पोस्टर कलरने काढून बघितले. नारिंगीतून निळ्यात जाताना मधे मळकट होत नाही, ही त्यातली कमाल. माझं मळकटच झालं.

रात्रपाळी, मामांची तबकडी जपा. कव्हरच्या कडा फाटल्या असतील तर सेलोटेप लावू नका, पिवळी पडते. आम्लरहित कागद घाला आत.

---

निवांत

नव्वदीत वाढलेल्यांसाठी: निर्व्हानाच्या 'स्मेल्स लाईक टीन स्पिरिट'ची गिटार आणि 'मोअर दॅन अ फीलिंग'ची गिटार शेजारी ठेवून ऐका. १९९२च्या रीडिंग फेस्टिव्हलमध्ये निर्व्हानाने स्वतःच आपल्या गाण्याआधी बॉस्टनचा तो तुकडा वाजवला होता. कानसेन, गॅरेजमधल्या पोरांपर्यंत हाही अल्बम पोचला होता.

---

कानसेन७७

मान्य. ते विसरलो होतो.

ठेकादादांच्या लिहिण्यानंतर माझाही सूर थोडा बदललाय. मी म्हणत होतो मागे धावायला कोणी नाही. होता, पण त्याला खोलीबाहेर ठेवलं होतं.

---

सहनिर्माता

मी जाहिरातींसाठी संगीत करतो, म्हणजे दोन्ही बाजू पाहिल्यात, वाजवणाऱ्याची आणि पैसे देणाऱ्याची. या गोष्टीत मला सगळ्यात धाडसी माणूस जॉन बॉयलन वाटतो.

शोल्झला गमवायला फार नव्हतं, त्याची पोलरॉईडची नोकरी शाबूत होती. बॉयलन मात्र कंपनीच्या विश्वासावर जगणारा निर्माता. पकडला गेला असता तर पुढचं काम मिळालं नसतं. तरी त्याने ऐकून ठरवलं की या माणसाच्या गिटारचा आवाज मी कुठल्याही मोठ्या स्टुडिओत यापेक्षा चांगला काढू शकणार नाही, म्हणून मी मधे यायचं नाही. निर्मात्याला हे म्हणता येणं सोपं नसतं. आपण काही केलं नाही तर आपली फी कशाची, हा किडा डोक्यात असतोच.

आणि तो आंधळा भक्तही नव्हता. इलेक्ट्रिक गिटार अप्रतिम, पण ॲकॉस्टिक वाद्यांना माईक कसा लावायचा हे शोल्झला जमत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्याने पॉल ग्रुप नावाच्या इंजिनियरला वॉटरटाऊनला पाठवलं, शोल्झला माईक लावायला शिकवायला. म्हणजे काम काढून घेतलं नाही, शिकवणारा पाठवला. 'मोअर दॅन अ फीलिंग'च्या सुरुवातीला हळूहळू वर येणारी ती बारा तारांची गिटार ऐकताना मला नेहमी हे आठवतं.

मिक्सिंग लॉस एंजेलिसच्या वेस्टलेक स्टुडिओत झालं. तेव्हा तिघे एकाच टेबलावर हात ठेवून बसायचे. बॉयलनकडे ड्रम, शोल्झकडे गिटार, वॉरन ड्यूई या इंजिनियरकडे गायकाचा आवाज. 'बॉस्टन' हे नावही बॉयलन आणि ड्यूईनेच सुचवलं. त्याआधी यांचं नाव 'मदर्स मिल्क' होतं.

तेव्हा माझं उत्तर: बँडचा म्हणा की नको म्हणा, एकट्याचा नक्की नाही. हॅरी गुद्रोची गिटार 'लाँग टाईम'मध्ये ऐका, तीही शोल्झची नाही.

---

सहनिर्माता

दुरुस्ती: हॅरी नव्हे, बॅरी. बॅरी गुद्रो. वरच्या प्रतिसादात चुकलं.

---

पीसऑफमाइंड

इतकं सगळं झालं आणि माझ्या गाण्याचं कोणीच काढलं नाही! सदस्यनाम बघा.

'पीस ऑफ माइंड' हे ऑफिसबद्दलचं गाणं आहे. वर चढण्याच्या शर्यतीत धावणाऱ्यांना उद्देशून. ते लिहिणारा माणूस तेव्हा रोज ऑफिसला जात होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नोकरी सोडून संन्यासी झालेल्याने नोकरदारांना सांगितलेलं हे नाही. सकाळी कार्ड पंच करून रात्री तळघरात बसणाऱ्याने लिहिलंय.

मी बँकेत आहे. २०११मध्ये प्रमोशनची परीक्षा होती, बदली पक्की होती, आई आजारी होती. मी फॉर्म भरला नाही. त्या आठवड्यात स्कूटरवर जाता-येता हेच गाणं ऐकत होतो. बरोबरचे आज चीफ मॅनेजर आहेत. आई नंतर चार वर्षं होती, रोज संध्याकाळी आम्ही एकत्र चहा प्यायलो.

---

चार्ल्सकाठी

काल संध्याकाळी मुद्दाम वॉटरटाऊनला गेलो. नेमकं घर शोधायला नाही, तिथे आज दुसरं कोणीतरी राहत असेल, त्यांना त्रास नको. नुसता गल्ल्यांतून फिरलो. जमिनीला टेकलेल्या त्या बारक्या खिडक्या आता सगळीकडे दिसायला लागल्यात. एका खिडकीत दिवा होता आणि आत कोणीतरी सायकल दुरुस्त करत होतं. येताना लहमाजून घेतला. बायकोने विचारलं आज रविवार आहे का.

मुलगी बारा वर्षांची आहे, शाळेत ट्रम्पेट वाजवते. तिला गाडीत अल्बम लावून दिला. 'फोरप्ले'च्या ऑर्गनवर म्हणाली, बाबा, हा माणूस इतक्या घाईत का वाजवतोय? शोल्झने बॉस्टनसाठी केलेल्या रचनांतली ही अगदी पहिली. मी म्हटलं, त्याला सकाळी कामावर जायचं असेल.

---

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. शोल्झचं पुढे काय झालं हे दोघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं म्हणून इथेच लिहिते. दुसरा अल्बम दोनच वर्षांत, १९७८ला आला. तो घाईत काढावा लागला असं त्याला वाटत राहिलं. तिसऱ्याला त्याने आठ वर्षं घेतली. कंपनीशी कोर्टकज्जा झाला, अल्बम शेवटी दुसऱ्या कंपनीकडून आला आणि त्यातलं 'अमांडा' पहिल्या क्रमांकावर गेलं. १९९०मध्ये कोर्टाचा निकालही त्याच्याच बाजूने लागला. मधल्या काळात त्याने स्वतःची छोटी कंपनी काढून 'रॉकमन' नावाचं उपकरण बनवलं. कमरेला लावायचं, गिटार जोडायची, हेडफोन घालायचा आणि कोणाची झोपमोड न करता तळघरातला तो आवाज काढायचा. इंजिनियर म्हणून मला हे सगळ्यात जास्त पटलं. स्वतःला जी अडचण होती तिचं यंत्र करून लोकांना दिलं.

ब्रॅड डेल्प २००७मध्ये गेला. एकाच गळ्यातून इतके आवाज एकावर एक रचलेत की मला आधी तीन-चार गायक वाटले होते. सगळे तोच.

पुण्यात एक ओळखीचे काका रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करतात. मामाची तबकडी घेऊन येत्या शनिवारी त्यांच्याकडे जाणार आहे. सुई बदलायला लागेल म्हणाले. आम्लरहित कागद आणलाय.

---

स्पूलवाला

नातवाने हेडफोन लावून 'हिच अ राईड' ऐकवलं. ऑर्गनचा तुकडा आल्यावर त्याला थांबवायला लावलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. असं सहा-सात वेळा.

तो सूर सापडला. अगदी क्षणभर कलतो. माझं उजवं तर्जनीचं बोट आपोआप उचललं गेलं होतं, नातू म्हणाला, आजोबा, हे काय करताय.